डावा रकाना

नोव्हेंबर महिन्याचा तिसरा मंगळवार. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. तळ्याच्या उत्तरेकडचा मातीचा बांध, आणि त्याखाली गुडघाभर पाण्यात उभे असलेले लव्हाळ्याचे रान.

ही वेळ आणि ही जागा मी अंदाजाने सांगत नाही. ती माझ्या थोरल्या मामांच्या वहीत, त्यांच्याच अक्षरात नोंदलेली आहे. ती वही आज माझ्या टेबलाच्या खणात आहे.

असल्या गोष्टी फक्त रात्रीच घडतात, अशी ज्यांची समजूत आहे त्यांची निराशा होईल. ही गोष्ट स्वच्छ उजेडात घडली. तीन माणसे हजर होती, तिघेही शुद्धीवर. त्यांपैकी दोघांचे आपसांत पटत नव्हते आणि तिसऱ्याला दोघांशीही देणेघेणे नव्हते. तेव्हा तिघांनी मिळून ती रचली, हा आक्षेपही टिकत नाही.

मी तो घेऊन पाहिला आहे.

मामा जनावरांचे मूल्यमापक होते. घोडा असो, गाय असो, शिकारी कुत्रा असो. विकणाऱ्याने एक आकडा सांगायचा, घेणाऱ्याने दुसरा, आणि मामांनी तिसरा. तिसरा आकडा शेवटचा. धंद्यात त्यांना 'काटा' म्हणत, तराजूचा काटा. स्वभावही तसाच. चहात साखर दीड चमचा की पावणेदोन, यावर त्यांचा आणि मामीचा वीस वर्षे वाद चालू होता.

त्या वेळी त्यांना बोलावले होते एका बाईंनी.

बाईंचा नवरा बंदुका दुरुस्त करणारा कारागीर. फेब्रुवारीत एका पहाटे तो आपला कुत्रा घेऊन या तळ्यावर बदकांच्या शिकारीला गेला, तो परत आला नाही. लोकांनी बारा दिवस बांबूंनी तळ धुंडाळला. माणूस सापडला नाही. बंदूक नाही. टोपीसुद्धा नाही.

कुत्रा मात्र त्याच दिवशी तिन्हीसांजेला घरी आला.

एकटा.

आता, तिथल्या शिकाऱ्यांच्या मंडळाचा एक जुना नियम होता. मालकाला रानात टाकून आलेला कुत्रा ठेवायचा नाही, विकायचा नाही, त्याची पैदास घ्यायची नाही. मालकाच्या जवळच्या पुरुष नातेवाइकाने त्याला गोळी घालायची. सुटका एकच. मूल्यमापकाने परीक्षा घेऊन कुत्र्याला किंमत दिली, मग ती कितीही क्षुल्लक असो, तर त्याला हात लावता येत नाही.

किंमत आली, तर जीव राहिला.

शून्य आले, तर नाही.

नव्या मोसमाच्या तोंडावर मंडळाची नोटीस आली. महिनाअखेरपर्यंत निकाल लावा. म्हणून बाईंनी मामांना बोलावले.

आदल्या दिवशी दुपारी मामांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुत्र्याला उभे करून तपासले. पांढरा, अंगभर तपकिरी ठिपके, नाव ठिपक्या. दात पाहिले, पंजे दाबले, कान उलटून पाहिले. कुत्रा मुकाट्याने उभा होता.

"किती वर्षांचा?"

"पाचवं सरलं," बाई म्हणाल्या.

"सांभाळतं कोण?"

"मीच. पण माझं ऐकत नाही तो. माझ्यावर दात काढत नाही, एवढंच."

दाराशी बाईंचा दीर उभा होता. त्याची लाकडांची वखार होती. बाह्यांना अजून भुसा चिकटलेला.

"काटेसाहेब, उगाच कशाला त्याचे दात मोजताय?" तो म्हणाला. "खायला काही कमी पडत नाही त्याला."

"भावोजी, गप्प बसा जरा."

"वहिनी, माझी काय त्याच्यावर खुन्नस आहे? पण दादाला चिखलात टाकून घरी जेवायला आला तो. जेवला की नाही त्या रात्री?"

"नाही जेवला."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

बाई ओल्या फडक्याने टेबल पुसू लागल्या. कुत्रा अजून टेबलावरच होता. त्याच्या चार पायांभोवतून पुसत राहिल्या.

दीर वखारीत परतल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, कवडी लिहा. पण शून्य लिहू नका. त्याने यांना टाकलं असेल, असं मला वाटत नाही हो."

"ताई, मी उगाच कवडी लिहीत नाही आणि उगाच लाखही लिहीत नाही," मामा म्हणाले. "उद्या तो जे करील, तेच लिहीन."

हे बोलणे कठोर होते. पण मामांच्या दृष्टीने त्यात दिलासाही होता.

परीक्षेची त्यांची पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण सगळे त्या पद्धतीतूनच उघडकीस आले.

वहीच्या पानावर मधोमध रेघ. डाव्या रकान्यात आज्ञा: कोणती शिट्टी, किती वाजता, किती सेकंदांनी. उजव्या रकान्यात कुत्र्याने काय केले, तीही वेळ. चांगल्या कुत्र्याचा उजवा रकाना डाव्याच्या मागोमाग, दोन सेकंदांच्या अंतराने चालतो. आज्ञा झाली आणि कुत्रा हलला नाही, तर दोष. आज्ञा नसताना हलला किंवा उगाच थांबला, तर त्याहून मोठा दोष. सहा मोठे दोष म्हणजे शून्य.

मंगळवारी सकाळी तिघे बांधावर पोचले. नियमाप्रमाणे कुत्रा चालवणार दीर, कारण तोच जवळचा पुरुष नातेवाईक. त्याच्या खांद्यावर बंदूक होती. गाडीत, पोत्याखाली, फावडे होते. मामांनी ते पाहिले. बाईंनीही पाहिले.

ठिपक्याच्या गळ्यात लहानशी घंटा बांधली. लव्हाळ्यात शिरलेला कुत्रा दिसत नाही. घंटेवरून तो कुठे आहे ते कळते. घंटा थांबली, म्हणजे त्याला पक्ष्याचा वास लागला.

सहा चाळीसला सुरुवात झाली.

दिराने लांब शिट्टी वाजवली. थांब.

कुत्रा चालत राहिला.

दोन आखूड शिट्ट्या. मागे फिर.

कुत्र्याने मान वळवूनही पाहिले नाही.

पुन्हा लांब शिट्टी. काही नाही.

"बघा!" दीर म्हणाला. "भिंतीशी बोललेलं बरं. मी कशाला तोंड दुखवून घेऊ?" त्याने शिट्टी खिशात टाकली.

त्यानंतर वहीतला डावा रकाना कोरा आहे.

आणि उजवा...

उजवा भरू लागला.

सहा बावन्न. घंटा थांबली. कुत्रा उघड्यावर, एक पाय उचलून, खिळल्यासारखा उभा. पक्षी नाही, वास नाही, आज्ञा नाही. मामांनी लिहिले: मोठा दोष, एक.

सहा त्रेपन्न. कुत्रा एकदम डावीकडे वळला. दोष दोन.

सहा पंचावन्न. पोट टेकवून बसला. दोष तीन.

मग उठला. सरळ पुढे गेला. दोष चार. थांबला. पाच. उजवीकडे वळून परत आला...

सहा.

बाई बांधावर उभ्या होत्या. त्यांना मामांची पेन्सिल हलताना दिसत होती आणि प्रत्येक वेळी त्या पदराचे टोक बोटाभोवती एक वेढा जास्त गुंडाळत होत्या.

दिराने बंदूक खांद्यावरून उतरवली. "झालं ना? मोजले मीपण."

मामांनी पान मिटायला घेतले. खरोखर घेतले. पुढे ते म्हणत, आयुष्यात एवढी मोठी चूक करण्याच्या इतक्या जवळ मी कधी आलो नव्हतो. आणि ती चूक नियम न पाळल्याची नव्हती, नेमकी पाळल्याची होती.

पण हिशेब पुन्हा वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही त्यांची सवय. त्यांनी उजवा रकाना वरून खाली वाचला.

थांब. डावीकडे. बस. पुढे. थांब. उजवीकडून परत.

त्यांनी तो पुन्हा वाचला.

हे सहा दोष नव्हते. वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने लव्हाळ्याचा एक तुकडा झाडून काढायचा असेल, तर जाणता शिकारी कुत्र्याला ज्या क्रमाने आज्ञा देईल, तोच हा क्रम होता. एकही पायरी गाळलेली नव्हती. एकही मागेपुढे नव्हती.

ही उत्तरे होती.

प्रश्न तेवढे दिसत नव्हते.

मामा भोळे नव्हते. त्यांना पहिली शंका आली ती लबाडीची. माणसाच्या कानाला ऐकू न येणारी शिट्टी मिळते. ती कुत्र्याला ऐकू जाते.

"खिसे रिकामे करा," ते दिराला म्हणाले.

"काय?"

"खिसे. दोन्ही. आणि तोंड उघडा."

"अहो, तुम्ही कुत्र्याची परीक्षा घेताय की माझी? त्याला वाचवायला मी कशाला शिट्ट्या मारीन?"

हा मुद्दा बिनतोड होता. तरीही मामांनी खिसे पाहिले. एक शिट्टी, एक चाकू, पाच काडतुसे. बाई तर चाळीस पावले दूर, दोन्ही हात दिसत होते.

दुसरी शंका. कुत्रा इथल्या जागेला सरावलेला असेल, जुनी वाट आठवून चालत असेल. मामांनी त्याला बांधाच्या पलीकडे न्यायचे ठरवले. तिथे पूर्वी वीटभट्टी होती. नुसते खड्डे आणि गवत. कारागीर तिथे कधीच जात नसे, असे दीर आणि बाई दोघांनीही सांगितले. त्या दोघांचे एकमत झालेली सबंध सकाळभरातली ही एकच गोष्ट.

तिकडे जायला चर ओलांडावा लागे. चरावर एक फळी टाकलेली. पुढे दीर गेला, मागून मामा, मग बाई.

कुत्रा अलीकडेच थांबला.

"चल रे," बाई म्हणाल्या.

तो आला नाही. एक पाऊल डावीकडे सरकला. शिकवलेला कुत्रा अरुंद वाटेवर मालकाला आधी जाऊ देतो, तसा.

तिघेही पलीकडे उभे होते. फळीवर कोणी नव्हते...

फळी मधोमध वाकली.

तिच्या कडेवरून पाणी वर आले. मग फळी सरळ झाली. थोडी पुढे, तिघांच्या बाजूला, पुन्हा वाकली. पुन्हा सरळ झाली.

मग कुत्रा चालत आला.

"भिजलंय लाकूड," दीर म्हणाला. लाकडात आयुष्य गेलेला माणूस. कोणी न विचारता म्हणाला. "भिजलं की वाकतं."

मामांनी त्याच्याकडे पाहिले. दिराने नजर चुकवली.

वीटभट्टीच्या गवतात मामांनी शेवटची शंकाही निकालात काढली. कुत्रा कदाचित माझ्याच नकळत होणाऱ्या हालचाली वाचत असेल. म्हणून त्यांनी कुत्र्याकडे पाठ केली. डोळे मिटले. फक्त ऐकत राहिले.

घंटा वाजत होती. गवतातून कुत्र्याच्या पायांची हलकी, भरभर खसखस.

आणि तिच्या थोडी मागे...

दुसरी खसखस.

सावकाश. जड. ओल्या बुटांची असते तशी. प्रत्येक पावलाला आतले पाणी दाबले जात होते.

घंटा थांबली.

पावलेही थांबली.

मामांनी डोळे उघडले. दीर उजवीकडे उभा होता, पाऊलही न हलवता. बाई डावीकडे. दोघेही मामांकडे नव्हे, मामांच्या मागे पाहत होते. मामा वळले. कुत्रा पुतळ्यासारखा उभा होता आणि त्याच्या उजव्या बाजूला, माणूसभर जागेत, गवत चेपलेले होते.

त्याच क्षणी पुढच्या डबक्यातून एक रानबदक उडाले. दिराने सवयीने बंदूक उचलली आणि बार काढला. छर्रे पंखाला लागले. बदक दूर, खड्ड्यांच्या पलीकडे पडले.

कोणी काही बोलले नाही.

कुत्रा जागचा हलला नाही. चांगला कुत्रा हलत नाही. सांगितल्याशिवाय जात नाही. मामांनी घड्याळ पाहिले. एक सेकंद. दोन. तीन...

आणि तो सुटला.

परत आला तेव्हा बदक त्याच्या तोंडात जिवंत होते. पंख फडफडत होते. दिराने हात पुढे केला.

"आण. इकडे."

ठिपक्या त्याच्या हाताजवळून गेला. मामांच्या पुढून गेला. बाईंच्या पुढूनही गेला. चेपलेल्या गवतापाशी आला. तिथे समोर बसला, आणि मान वर केली. उंच. उभ्या माणसाच्या हाताकडे करतात तशी.

हात लागल्याशिवाय पक्षी सोडायचा नाही, हे अशा कुत्र्याचे सर्वांत अवघड शिक्षण.

ठिपक्याने तोंड उघडले.

बदक खाली पडले नाही.

मामा दहा पावलांवर होते. उजेड होता. धुके नव्हते. चष्मा डोळ्यांवर होता. बदक कुत्र्याच्या तोंडापासून वीतभर वर होते आणि फडफडत होते.

मग त्याची मान...

एकदा वळली.

फडफड थांबली.

बदक हळूहळू खाली आले. गवतावर टेकले. उताणे, छाती वर, पंख दोन्हीकडून जुळवून ठेवलेले.

मग बाई म्हणाल्या, आवाज अगदी साधा होता, "आमचे हे तसंच ठेवायचे. पिसं चुरगळू नयेत म्हणून."

आणि थोड्या वेळाने, त्या रिकाम्या जागेला उद्देशून:

"अहो, मग घरी का येत नाही?"

दिराने बंदूक उघडली. नळीतले दुसरे काडतूस काढताना त्याच्या हातून ते खाली पडले. त्याने ते उचलले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. कारागीर आजतागायत सापडलेला नाही. मामांनी त्या तळ्यावर पुन्हा परीक्षा घेतली नाही. महिनाभराने मंडळाची कागदपत्रे द्यायला ते बाईंच्या घरी गेले, तेव्हा कारागिराच्या कारखान्याच्या बंद दाराबाहेर ठिपक्या बसलेला होता. पुढचे पंजे जुळवलेले, मान ताठ. वाट पाहणारा कुत्रा असा बसत नाही. बस म्हणून सांगितलेला कुत्रा असा बसतो.

"किती वेळ बसतो?" मामांनी विचारले.

"दिवेलागणीपासून."

"आणि उठतो केव्हा?"

"वेळ ठरलेली नाही, भाऊ," बाई म्हणाल्या. "त्याला सोडलं की उठतो."

कोण सोडतं, हे मामांनी विचारले नाही. ज्या माणसाने आयुष्यात एकही प्रश्न अर्धा सोडला नाही, त्याने हा सोडला. माझे मन अडते ते इथेच. फळीचे मला कारण देता येते. गवताचेही. दहा पावलांवरून पाहिलेल्या पक्ष्याबद्दलही माणसाची नजर फसू शकते, असे मी स्वतःला अनेकदा पटवले आहे. पण वहीतले ते पान उघडले की डाव्या बाजूचा कोरा भाग मला कोरा वाटत नाही. तिथे काहीतरी लिहिलेले आहे आणि ते वाचायची विद्या फक्त त्या कुत्र्याकडे होती, असे वाटते. मग मी वही मिटतो.

निकाल मात्र मामांनी त्याच सकाळी, वीटभट्टीच्या गवतात, उभ्या उभ्या दिला होता. दिराने विचारले होते, आणि आता त्याच्या आवाजात जोर उरला नव्हता.

"काटेसाहेब, आकडा काय लिहायचा?"

"आकडा नाही," मामा म्हणाले.

बाई कुत्र्याकडे सरकल्या.

"म्हणजे शून्य?" दिराने विचारले.

"शून्य हाही आकडाच आहे. तोही नाही." मामांनी पेन्सिल खिशात ठेवली. "मालकाला टाकून आलेल्या कुत्र्याची किंमत करायला मला बोलावलं होतं. असा कुत्रा इथे नाही. हा कामावर आहे आणि याचा मालक हजर आहे. तेव्हा याची किंमत मला करता येणार नाही, आणि याला गोळी तुम्हाला घालता येणार नाही."